पहिल्या मुठीचं पीठ

आमच्या घरात जातं वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली उतरतं. एरवी ते सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गाठ मारून ठेवलेलं असतं. डिंडोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पिठाची गिरणी आहे, समोरच्या पुष्पाबाईंकडे तर घरघंटीसुद्धा आहे, पण कानबाईच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांना, ते पीठ चालत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते आणि तिचे रोट घरच्या जात्यावर दळलेल्या गव्हाचेच लागतात. त्या जात्याला दुसऱ्या कशाचा दाणा लागता कामा नये. नवी नवरी असताना मी एकदा त्यावर मुगाची डाळ भरडायला काढली होती, तर सासूबाईंनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा माझा उद्धार केला होता. माझं माहेर काढलं, माझ्या आईने मला काय शिकवलं ते काढलं, शेवटी मुगाचंही काही काढायचं शिल्लक ठेवलं नाही.

म्हणून आषाढात धर्मेंद्र आपण होऊन म्हणाला, ''जातं गुळगुळीत व्हई जायेल शे. टाकी लाई लयस मी,'' तेव्हा मला नवलच वाटलं. टाकी लावायची म्हणजे पाथरवटाकडून जात्याचा दगड छिन्नीने पुन्हा खडबडीत करून आणायचा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण इथे घेतल्याशिवाय सांगता यायचं नाही, म्हणून घेते. स्वतःचं जेवलेलं ताट न उचलणारा माणूस जात्याची काळजी करायला लागला, तर बायकोने कान टवकारायलाच हवेत. मी टवकारले नाहीत. सासूबाई तर हरखल्या. मुलाला देवाचं सुचलं, म्हणाल्या. त्याने दोन्ही तळ्या गोणपाटात बांधल्या, टेम्पोत टाकल्या आणि घेऊन गेला.

जात्याला टाकी लागली नाही. ते पाथरवटाकडे गेलंच नाही. हे मला कळलं फार उशिरा, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण मी हे सांगताना तुम्ही अंधारात बसावं असं मला वाटत नाही. अंधारात आम्ही बसलो तेवढं पुरे.

जातं गेलं ते धर्मेंद्रच्या कंपनीत. तो आधी लूमवर होता, उधन्याला. मग कामरेजच्या पुढे एका शेठने सुताच्या बंद पडलेल्या शेडमध्ये नवं काम काढलं, कार्बन नॅनोट्यूबचं. ते नाव नीट घ्यायला धर्मेंद्रला आठवडाभर जीभ घासावी लागली, आणि जमलं तेव्हा तो दूधवाल्यालासुद्धा ऐकवायला लागला. मला त्याने ते असं समजावलं होतं. रांगोळीसारखी एक पांढरी पूड असते. तिला लोखंड आणि निकेलच्या क्षारांचं पाणी पाजायचं, वाळवायचं, बारीक दळायचं आणि मग भाजायचं. झालं केटलिस्ट. ते पात्रात पसरून लांबलचक नळीच्या भट्टीत सरकवायचं आणि वरून गॅस सोडायचा. गॅसमधला कार्बन त्या पुडीतल्या धातूच्या कणाकणावर धरतो आणि त्यातून केस उगवतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, पोकळ, काळे केस. पूड पांढरी असते म्हणून काय झालं, ती फक्त जमीन. पीक येतं ते धातूवर. तो नसला तर गॅस नुसता वाहून जातो.

''मूठभर टाकं ना, त बादलीभर निंघस,'' तो म्हणायचा आणि हाताने फुगलेला ढीग दाखवायचा. एकदा त्याने काचेच्या बाटलीत थोडं आणलं होतं. मी बाटली उचलली तर रिकामीच वाटली. आत इतकं काळं होतं की बाटलीला त्या बाजूने तळ आहे की नाही, कळत नव्हतं. मला ते आवडलं नाही. मी ती बाटली घराबाहेर ठेवायला लावली, तेव्हा तो मला अडाणी म्हणाला.

आषाढात कंपनीतली दळायची चक्की बिघडली. केटलिस्ट जाडं राहायला लागलं, आणि जाड दाण्यावर पीक धरेना. शेठ रोज भट्टीपाशी येऊन गुजरातीत एकच वाक्य म्हणायचा, ''धर्मेंद्रभाई, माल फुल्यो नथी.'' धर्मेंद्र घरी येऊन जेवत नव्हता. सगळी शेड त्याच्या हाती द्यायचं शेठ बोलला होता, आणि आता ते बोलणं हवेत विरायला लागलं होतं. मग एके दिवशी तो हसत आला. माल फुलला होता. पात्राच्या काठावरून सांडला होता. शेठने पेढे वाटले होते. त्याच दिवशी टेम्पोतून जातंही परत आलं आणि माळ्यावर गेलं. मी पेढा खाल्ला. दोन गोष्टी एकाच टेम्पोतून आल्या, पण मी त्यांचा एकमेकींशी संबंध लावला नाही.

आता माझ्या मुलाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपतं. लग्नाला बरीच वर्षं झाली, दोनदा पोटातच गेलं, आणि मग हा झाला. घरात त्याला बारक्याच म्हणतात. नुकताच वरणाचं पाणी चाटायला लागला होता. सासूबाईंनी कानबाईला नवस केला होता, आणि यंदाची कानबाई त्याची पहिली.

रोटांचा आमच्या घरातला नेम असा आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ घ्यायची, पार म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत. दळायला बसलं की पहिली मूठ सगळ्यात लहान पुरुषाची. ती आधी जात्यात टाकायची, तिचं पीठ वेगळं काढायचं आणि त्याचा छोटा रोट करायचा. पंगतीत सगळ्यात मोठा पुरुष त्या रोटाचा घास दुधात कालवून तान्ह्याच्या तोंडाला लावतो, उरलेला त्याचा बाप संपवतो. रोट भाऊबंदांनीच खायचे, उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. हात धुतलेलं पाणीसुद्धा परसातल्या खड्ड्यात जातं. ज्याच्या नावाचा रोट टाकला जाईल, त्याच्या जिवावर येतं. चलथाणला साखर कारखान्यात कामाला असलेले आमचे एक चुलत सासरे आहेत. त्यांच्या मुलाचा रोट कुत्र्याने पळवला आणि दिवाळीच्या आत मुलगा गेला. तो तापाने गेला हे मला माहीत आहे. सासूबाईंना तो रोटाने गेला हे माहीत आहे. त्यांच्यापुढे तापाचं नाव काढायची सोय नाही.

तर रविवारी सकाळी जातं उतरलं. घर सारवल्यासारखं लख्ख होतं, भिंतींना नवा रंग, दाराला आंब्याची पानं. धर्मेंद्र पहाटेच कामावर गेला होता. भट्टी चालू असली की सोडून येता येत नाही, दुपारच्या पंगतीला पोचतो म्हणाला होता. जात्याला हळद-कुंकू झालं. मी आणि माझी जाऊ पूजा समोरासमोर बसलो, सासूबाई वर पाटावर. त्यांनी बारक्याच्या नावाची मूठ टाकली, आम्ही खुंटा धरला आणि जातं फिरलं.

जातं हलकं फिरत होतं. हे माझ्या हाताला आधी कळलं, डोक्याला नंतर. टाकी लावलेलं जातं नव्या सुनेसारखं असतं, पहिले काही दिवस अडखळतं, करकर करतं. हे तर लोण्यावरून गेल्यासारखं सुळसुळ फिरत होतं. मी काही बोलायच्या आत पाळीतून पीठ पडायला लागलं.

पीठ तांबूस होतं.

अगदी लाल नाही. गव्हाच्या पिठात कोणी पिवळसर गंज मिसळावा तसं. टाकीनंतरचं पहिलं पीठ खराब येतं हे मला ठाऊक आहे, पण ते काळपट येतं, दगडाच्या रंगाचं. माझ्या आईचं जातं काळ्याच दगडाचं होतं, हेही तसंच. काळ्या दगडातून तांबडी कच निघते कशी?

''आत्याबाई,'' मी सासूबाईंना म्हटलं, ''हाई पीठ असं तांबडं कसं शे?''

पूजा म्हणाली, ''टाकी लायेल शे ना, म्हनीसन व्हई.''

सासूबाई वाकल्या. त्यांनी बोटाच्या टोकाने पीठ उचललं, उजेडात धरलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी आयुष्यात त्यांना तसं पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

''कुकू शे!'' त्या म्हणाल्या. ''देखा व माय, कानबाईनी मना नातूले कुकू धाडं!''

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी एरवी म्हटलं असतं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावरचा आनंद खरा होता. पुढच्या मुठी पडल्या तसा रंग फिका होत गेला. दुसरी मूठ पूजाच्या धाकट्याची, तिचं पीठ जरा पिवळसर. तिसरी त्याच्या थोरल्या भावाची, ती जवळजवळ पांढरी. शेवटी माझ्या सासऱ्यांची मूठ आली तेव्हा पीठ नेहमीसारखं होतं. सासूबाईंना यातही देवीच दिसली. तान्ह्यावर जास्त माया, म्हणाल्या. मला मात्र हे दिसत होतं की जात्यात जे काही बसलं होतं ते पहिल्या मुठीने पुसून घेतलं, आणि पहिली मूठ माझ्या मुलाची होती.

दळण संपल्यावर मी जातं पुसायचं निमित्त केलं, वरची तळी कलती केली आणि आतून हात फिरवला. गुळगुळीत. छिन्नीचा एक नवा घाव नव्हता. दगडाच्या बारीक छिद्रांतून पिवळं-तांबडं काहीतरी घट्ट बसलं होतं, नखाने टोकरलं तर नखात आलं. मी नख धुतलं. पुन्हा धुतलं. धर्मेंद्रला फोन लावला, पण भट्टीच्या शेडमध्ये फोन नेता येत नाही, तो बाहेर कपाटात नुसता वाजत राहिला. मी पुन्हापुन्हा लावला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चोर कामरेजला होता आणि चांदणं माझ्या मनात पडलं होतं.

तेवढ्यात घर भरलं. पुष्पाबाई आल्या, गल्लीतल्या बायका आल्या, प्रत्येकीने त्या तांबूस पिठाच्या ताटाला हात जोडले. कोणी मोबाइलवर फोटो काढला. सासूबाई ते ताट कोणाच्या हाती देत नव्हत्या. रोट भाजले गेले. बारक्याचा छोटा रोट तव्यावर टम्म फुगला, आणि फुगलेला बघून मला त्या पात्राच्या काठावरून सांडणाऱ्या मालाची आठवण झाली. मी तवा उतरवायला गेले तर सासूबाईंनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. ''तू सर. मना नवसना शे तो.'' रोट कानबाईपुढे गेला, आरती झाली. मी आरतीला उभी होते पण माझं लक्ष दाराकडे होतं. मला भीती वाटत होती. काय झालंय ते माहीत नव्हतं, म्हणून जास्तच वाटत होती.

दुपारी धर्मेंद्रची गाडी वाजली. आत पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली होती. मी त्याला बूट काढू दिले नाहीत. हात धरून जिन्यात ओढला.

''तुम्हीन जाताले टाकी लायी का?''

''लायी ना,'' तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

''खोटं नका बोलू. मी आतमा हात फिरायी देखा.''

ताकाला जाऊन भांडं लपवायची या माणसाला सवय आहे. पाच मिनिटं आडवळणाने बोलेल, चक्की बिघडल्याचं सांगेल, शेठचं सांगेल. त्याने तेच केलं. मी ऐकून घेतलं नाही.

''काय दयं त्यामा?''

''केटलिस्ट,'' तो म्हणाला. ''भाजाना पहिले. वाळेल माल. आते तू बोंब मारू नको, मी मंग मीठ दयी काढं त्यामा. दोन दाव. एकदम साफ शे ते.''

भाजायच्या आधी. म्हणजे निकेलचे क्षार अजून क्षारच होते. मी कोणी शिकलेली केमिस्ट नाही, साड्यांना स्टोन चिकटवणारी बाई आहे, पण या माणसानेच मला सांगितलं होतं की कंपनीतल्या निंबाभाऊंनी तेच ओलं पाणी हातमोज्यांशिवाय ढवळलं आणि त्यांच्या हातांची सालं निघाली. त्यानेच सांगितलं होतं की पिंपावर कवटीचं चित्र आहे. तेव्हा हसत सांगितलं होतं.

''निंबाभाऊना हातनं काय व्हयनं, तुम्हीनच सांगं व्हतं ना?'' मी म्हटलं. ''आनि पहिली मूठ कोनी शे, माहीत शे ना तुम्हले?''

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मी डोळ्यांनी पाहिलं. इतके दिवस त्याच्या डोक्यात जातं म्हणजे एक दगड होता, चांगला बारीक दळणारा. तो कोणाच्या घरचा, कशासाठी ठेवलेला, त्यात आधी काय पडतं, हे सगळं ज्या घरात तो जन्मला त्या घरातलंच होतं, आणि ते तो पार विसरला होता. तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.

मी त्याच्या खिशातून फोन काढला आणि उज्ज्वला मॅडमना लावला. त्या कंपनीच्या केमिस्ट, नागपूरकडच्या. दोनदा आमच्याकडे चहाला आलेल्या. त्यांनी फोन उचलल्या उचलल्या मी सगळं एका दमात ओकून टाकलं. त्या मध्येच म्हणाल्या, ''थांबा. त्यांनी मला सांगितलं होतं की पाथरवटाकडची जुनी चक्की आणली म्हणून. हे घरचं जातं आहे?''

''घरचं. आणि आज त्यात गहू दळले.''

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

''ताई, खाऊ देऊ नका,'' त्या म्हणाल्या. ''कोणालाच नाही. किती गेलं असेल ते मी इथून सांगू शकत नाही. बाळाला तर बोटसुद्धा चाटू देऊ नका. फोन ठेवू नका, ऐकताय ना? मी निघतेच आहे.''

आतून सासऱ्यांचा आवाज आला, ''धर्मेंद्र! ये रे, घास देवाना शे.''

मी फोन हातात तसाच धरून धावले. जिन्यातून दारापर्यंतचं अंतर ते केवढं, पण माझ्या पायांत साडी आली आणि मी उंबऱ्यावर आपटले. वर पाहिलं तर पंगत बसलेली होती. सासरे सुकलाल आबा मधोमध, मांडीवर माझा मुलगा, कपाळाला गंध, डोक्यावर जरीची टोपी. एका बाजूला दीर लखनभाऊ आणि त्यांची दोन मुलं, पलीकडे आलेले भाऊबंद. आबांच्या बोटांवर दुधात भिजलेला तांबूस घास होता आणि बारक्याने तोंड उघडलं होतं. त्याला सगळंच खायला आवडायचं.

मी त्याला आबांच्या मांडीवरून उचलला नाही, ओढलाच. तो रडायला लागला. घास आबांच्या धोतरावर पडला. मी त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं, ओठ पुसले, जीभ पुसली. काही नव्हतं. दूधही नव्हतं. मी भिंतीला टेकले.

''येडी व्हयनी का तू?'' लखनभाऊ उठत म्हणाले.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर, नवऱ्याचं नाव घेऊन, मोठ्याने. जात्यात काय दळलं गेलं, ते पोटात गेलं तर काय, पहिल्या मुठीत सगळ्यात जास्त का. ''कोनी खाऊ नका,'' मी म्हटलं. ''हाई कुकू नही. हाई जहर शे.'' दारात धर्मेंद्र येऊन उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एकदा तरी नाही म्हणावं, असं मला त्या क्षणीसुद्धा वाटलं. त्याने मान खाली घातली.

पूजाने आधी आपल्या मुलांची ताटं ओढली. धाकट्याच्या तोंडात काही आहे का बघायला त्याचा जबडा उघडला. अजून कोणी खायला सुरुवात केली नव्हती, आधी तान्ह्याचा घास असतो म्हणून. तेवढा एक नेम आमच्या कामी आला. भाऊबंद ताटावरून उठायला लागले, कोणीतरी पुटपुटलं की जातं बाटलं, कोणीतरी म्हणालं की परसात खड्डा आहेच, पुरून टाका सगळं.

सासूबाई कानबाईच्या चौरंगापाशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार, किंवा मुलाचा. मी तयारही होते. भांडायला मला फार आवडलं असतं. त्या सावकाश पुढे आल्या, बारक्याच्या ताटापाशी खाली बसल्या आणि पदर खोचला.

''पुरता येत नही,'' त्या म्हणाल्या. ''पुरानं म्हंजे टाकानंच व्हयनं.''

''आत्याबाई, देवले समजस,'' मी म्हटलं. ''टाका ते.''

''मी टाकू?'' त्या म्हणाल्या. ''मना नातूना नावना रोट?''

त्यांनी हात लांब करून पूजाच्या मुलांचे रोट आपल्या ताटात घेतले, धाकट्याचा, थोरल्याचा, एकावर एक. मग बारक्याचा छोटा रोट उचलला. तेव्हा कुठे आम्हाला कळलं त्या काय करताहेत. धर्मेंद्र धावत आला आणि त्याने त्यांचा हात धरला. ''माय, दे इकडे. नेमबी असाच शे, बापनी खावाना. मी खास तो.'' त्यांनी दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटावर फटका मारला, लहानपणी मारला असेल तसा.

''तुना पोऱ्याले बाप लागी,'' त्या म्हणाल्या. ''मनं काय, पिकेल पान.''

आणि त्यांनी रोट मोडून तोंडात घातला.

मी मुलाला पूजाच्या हाती दिलं आणि ताट ओढायला गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जातं बाटवलं म्हणून आरडाओरडा करणारी, मुगाच्या डाळीवरून माझं माहेर काढणारी ही बाई, तिच्या नजरेत तेव्हा माझ्यासाठी काहीही वाईट नव्हतं. ''तुना पोऱ्याना शे हाऊ,'' त्या हळू म्हणाल्या, तोंडात घास असतानाच. ''राहू दे.''

माझा त्या नेमावर विश्वास नाही. चलथाणचा मुलगा तापाने गेला. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण माझी ताटावरची बोटं सैल झाली. मी ताट सोडलं.

आबांनी धोतरावर पडलेला तो तांबूस घास उचलला, त्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खाल्ला. मग आपलं पान सरकवून सासूबाईंच्या पानाला लावलं. ''आर्धं माले दे,'' ते म्हणाले. सासूबाईंनी थोरल्या नातवाचा रोट मोडून त्यांना दिला, लहान मुलाला द्यावा तसा, बारीक तुकडे करून. दोघं चावत होती. भाऊबंद भिंतीकडेने उभे होते आणि कोणी बाहेर जात नव्हतं. धर्मेंद्र आईच्या पायाशी बसून रडत होता, त्याच्या मनगटावर तिची बोटं उमटली होती. चौरंगावर कानबाई होती, तिच्यापुढे समई होती, आणि त्या खोलीत फक्त चावण्याचा आवाज होता.

माझ्या हातातला फोन अजून चालू होता. त्यातून उज्ज्वला मॅडम मोठ्याने विचारत होत्या, बहुधा कधीपासून विचारत होत्या, ''ताई, कोणी खाल्लं तर नाही ना?''

मी फोन कानाला लावला.

''खाताहेत,'' मी म्हटलं.